कोहक्याच्या दाराबाहेर

जून महिन्यात भिलाईला निघालेय असं सांगितल्यावर 'तिथं पाहायला काय आहे?' असं न विचारणारा एकही माणूस मला नाशिकमध्ये भेटला नाही. शेजारच्या वहिनींनी तर 'पोलादाचा कारखाना' हे उत्तर ऐकून माझ्या रक्तदाबाची चौकशी केली. मी पस्तीस वर्षं एका आर्किटेक्टच्या ऑफिसात लोकांच्या बंगल्यांचे नकाशे काढले. स्वतः मात्र अकरा भाड्याच्या घरांत राहिले, आणि बाराव्या, स्वतःच्या फ्लॅटमध्ये शिरले तेव्हा केस पांढरे झाले होते. त्यामुळे घर या विषयावर मी जरा लवकर तापते, हे आधीच सांगून ठेवते. पुढे जे झालं त्यात या तापण्याचा मोठा वाटा आहे.

बोलावणं कुसुमचं होतं. कुसुम रामटेके आणि मी नागपूरच्या वसतिगृहात दोन वर्षं एका खोलीत काढली. मी पॉलिटेक्निकला, ती नर्सिंगला. ती मूळची भंडाऱ्याकडची. लग्न होऊन भिलाईला गेली आणि तिथल्या पोलाद कंपनीच्या हॉस्पिटलात नोकरीला लागली. नवरा मधुकर पोलाद कारखान्यात भट्ट्यांच्या आतल्या बाजूला विटा लावणारा मिस्त्री होता, आता निवृत्त. निवृत्तीनंतर राहायला म्हणून दोघांनी भिलाईतल्याच कोहक्यात प्लॉट घेऊन ठेवला होता. त्या प्लॉटवर आता ते स्वतःचं सोडून भलत्याच लोकांची घरं बांधत सुटलेत, असं कुसुमनं मला फोनवर सांगितलं. "तू नकाशेवाली ना? मंग येऊन पाह्य तं खरं," म्हणाली. गेले.

सेक्टर ६

दुर्गला गाडी बदलून लोकलनं यायचं आणि पावर हाऊसला उतरायचं, हे कुसुमनं मला चार वेळा बजावलं होतं. पण भिलाई नावाची स्टेशनं एकापाठोपाठ एक येतात हे तिनं सांगितलं नव्हतं. पाटीवर 'भिलाई' दिसताच मी बॅग घेऊन उडी मारली, आणि लोकल निघून गेल्यावर पाटीवरचा पुढचा शब्द वाचला. तो 'नगर' होता. कुसुमला फोन केला आणि डांबर वितळेल अशा उन्हात पाऊण तास बसले, तेव्हा स्कूटरवरून रामटेके भाऊजी, म्हणजे मधुकर, आले. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले की भिलाईत नवीन आलेला प्रत्येक माणूस एकदा तरी चुकीच्या भिलाईत उतरतो.

कंपनीच्या वसाहतीतलं सेक्टर ६, जिथं कुसुमचं क्वार्टर आहे, मला फार आवडलं. एका पट्टीनं आखल्यासारखे रस्ते, त्यांना नावं नाहीत, नंबर. आणि दुतर्फा इतकी झाडं की उन्हाचा काच जाणवेना. क्वार्टरंसुद्धा हुद्द्याप्रमाणे. माणूस कोणत्या ग्रेडचा हे त्याच्या घराच्या खिडक्या मोजून सांगता येतं, असं भाऊजी म्हणाले. संध्याकाळी सायकली आणि स्कूटर पाण्यासारख्या वाहत असतात. कुसुमच्या अंगणात तिनं लावलेला आंबा आहे, पेरू आहे, आणि दोन वर्षांनी ती निवृत्त झाली की झाडांसकट सगळं परत करायचं आहे.

तिच्या बैठकीच्या भिंतीवर एकच खिळा होता. त्यावर कॅलेंडर, कॅलेंडरवर पिशवी, पिशवीवर भाऊजींची टोपी. मी हसले. कुसुम म्हणाली की हा खिळाही तिचा नाही, आधीच्या माणसानं ठोकलेला आहे. कंपनीची भिंत खराब केली असं नको म्हणून सत्तावीस वर्षांत तिनं दुसरा ठोकला नाही. मग मी हसायची थांबले, कारण माझ्या अकरा घरमालकांपैकी सात जणांना खिळ्याचं वावडं होतं.

सकाळी नाश्त्याला बोरेबासी होती. रात्रीचा भात पाण्यात भिजवून ठेवायचा आणि सकाळी मीठ, कांदा, हिरवी मिरची आणि चटणीशी खायचा. आमच्याकडे शिळा भात फोडणीला पडतो, पाण्यात नाही, त्यामुळे मी आधी जरा नाक मुरडलं. दोन घास खाल्ल्यावर वाटी पुढे केली. त्या उन्हाळ्यात पोटाला इतकं थंड दुसरं काही मिळालं नाही. चटणी मात्र भंडाऱ्याची, डोळ्यांतून पाणी काढणारी.

कोहका, रविवार

कोहका सेक्टरसारखं आखलेलं नाही. घरं जशी बांधली गेली तसे रस्ते झाले. रामटेक्यांच्या प्लॉटवर बेघर कुटुंबांसाठी एकेका खोलीची चार घरं उभी राहताहेत. खोली, स्वयंपाकाचा ओटा, मागे न्हाणी-संडास. दोन पूर्ण झाली होती, तिसऱ्यावर स्लॅब पडला होता. बांधणारे सगळे कारखान्यातून आणि रेल्वेतून निवृत्त झालेले, बहुतेक विदर्भातून आलेल्या घरांतले, बुद्धविहारात भेटणारे. कोणी सिमेंट आणलं, कोणी दारं दिली, एका क्रेन चालवणाऱ्यानं स्वतःच्या घराच्या जुन्या खिडक्या काढून आणल्या. मंडळाला नाव नाही. नाव ठेवायची बैठक तीनदा झाली आणि तिन्ही वेळा भांडणात संपली.

ही मंडळी घर बांधतात ती मात्र भट्टीसारखी. भाऊजी प्रत्येक वीट कानाजवळ धरून थापीच्या दांड्यानं वाजवून बघतात. आवाज बद्द आला की वीट बाजूला. दोन विटांमधला मसाला इतका पातळ की नख जाऊ नये. राखेच्या साध्या विटांना एवढं कशाला, असं मी नकाशेवालीच्या तोऱ्यात विचारलं. भाऊजींनी शांतपणे सांगितलं की भट्टीत वीट चुकली तर बाहेरून दिसत नाही, जाळ लागला की कळतं. आणि बेघर माणसाला चुकीची वीट द्यायला त्यांचं मन घेत नाही. मी घमेली उचलू लागले.

सगळ्यांत मजेशीर माणूस गजभिये बाबू. टाउनशिपच्या कचेरीत क्वार्टर वाटपाच्या टेबलावर एकतीस वर्षं बसलेले. उन्हातही शर्टाचं वरचं बटण लावलेलं, खिशात दोन पेनं. घरं कोणाला द्यायची याची यादी त्यांची. त्यांनी बेघरांचीही सिनियॉरिटी लावली होती. किती वेळा घर सुटलं त्याचे गुण वेगळे, घरात म्हातारं माणूस असेल तर वेगळे, शाळेतलं मूल असेल तर वेगळे. पहिला नंबर सुनीताचा आला. जामुलमध्ये ती राहायची ती खोल्यांची रांग मालकानं जागा विकल्यावर पाडली. मग नातेवाइकाचं घर, मग एक अर्धवट दुकान, मग दुसऱ्या नातेवाइकाकडे, आणि शेवटी तीन महिने विहाराच्या ओसरीवर सासू आणि मुलीसह. नवरा रंगकाम करतो, कामाच्या दिवसांत रायपूरलाच असतो. "यादीत तीच सीनियर मोस्ट," गजभिये बाबूंनी मला अभिमानानं सांगितलं, आणि कोणाला कशाची बढती मिळू शकते याचं मला नवल वाटलं.

"चाल, तुले घर दाखवतो," म्हणत कुसुमनं पहिल्या घराचं दार ढकललं. मंडळातल्या आणखी दोघींसह आम्ही चौघीजणी आत शिरलो. ओटा पाहिला, न्हाणी पाहिली, नळ सोडून पाहिला. मी तर सवयीनं खिडकीचं मापही घेतलं. सुनीता एका बाजूला पदर सावरून उभी होती आणि तिची सासू खाटेवर उठून बसली होती. सुनीता पस्तिशीची बारीक बाई, तीही विदर्भाकडच्या घरातली. दर दोन मिनिटांनी 'पाणी देऊ का' एवढंच विचारायची. बाकीच्या बाहेर गेल्या. मला खरंच पाणी हवं होतं म्हणून मी थांबले, आणि मग खोलीकडे नीट पाहिलं.

सगळं सामान गाठोड्यांत होतं. चादरीत बांधलेलं, सुतळीनं आवळलेलं, दाराजवळ ओळीनं. महिना झाला होता राहायला येऊन, आणि ओट्यावर दोन पातेली आणि एक स्टोव्ह. पाणी देऊन ती त्या दोन पातेल्यांतल्या एकात लाल मिरच्या घालून तांब्याच्या बुडानं ठेचू लागली. विदर्भातल्या बाईच्या घरात पाटा नाही हे मला पहिल्यांदाच दिसत होतं. पाटा कुठे आहे, असं मी विचारलं.

"पाटा जामुलले ठेवला हाय," सुनीता म्हणाली. "किराना दुकानवाल्या बाईकडे. सासूचा हाय, लय वजनी. दर डाव कोन उचलन, मावशी?"

मुलगी रोशनी कुठे आहे, असं विचारलं तर कळलं की सुट्टीचा दिवस म्हणून खेळायला गेलीय, एरवी ती सकाळी बसनं जामुललाच शाळेत जाते. नुकतीच सहावीत गेली. कोहक्यातली शाळा इथून दहा मिनिटांवर. मग तिकडे नाव का घातलं नाही? आता तर कुठे जायचं नाही ना?

सुनीतानं मिरच्यांचं पातेलं बाजूला ठेवलं. मग एका गाठोड्यातून प्लास्टिकची पिशवी काढली, पिशवीतून घडी घातलेला कागद, आणि माझ्या हातात दिला. "तोंडानं तं सारेच म्हनते, आरामात राहा म्हनून. जामुलचा घरमालकबी म्हने. कागद काय म्हनते ते वाचा."

कागद गजभिये बाबूंनी हिंदीत टाईप केलेला होता. वर आवास क्रमांक, खाली अटी, एकूण अठरा. भिंतीत फेरबदल करू नये. पाहुणे पंधरा दिवसांपेक्षा जास्त ठेवू नयेत. तपासणीसाठी कोणीही आल्यास दार उघडावं. आणि अकरावी अट: माँगे जाने पर आवास पंद्रह दिन के भीतर खाली करना होगा। म्हणजे मागितलं की पंधरा दिवसांत घर रिकामं करायचं.

मला सांगितलं गेलं होतं ते वेगळंच. ही घरं कायमची द्यायची आहेत. रजिस्ट्रीच्या कागदांना वेळ लागतोय म्हणून तात्पुरतं पत्र दिलंय. पण हे सुनीताला कागदात कुठेच लिहून दिलेलं नव्हतं. आता मी काय करायला हवं होतं? कुसुमला बाजूला घेऊन हळूच सांगायला हवं होतं. मी तसं केलं नाही. मी तो कागद घेऊन तरातरा बाहेर आले. ताडपत्रीखाली सगळे चहा पीत बसले होते. मी तिथं उभं राहून अकरावी अट मोठ्यानं वाचली आणि म्हणाले, "गजभिये बाबू, तुम्ही घर दिलंय की क्वार्टर? ती बाई महिनाभर गाठोडी बांधून बसलीय तुमच्या या कागदामुळे."

गजभिये बाबूंनी कप खाली ठेवला, माझ्या हातातला कागद बघितला, आणि एवढंच म्हणाले की फॉरमॅटमध्ये ते असतंच. मग स्कूटरला किक मारून निघून गेले. मी स्वतःवर फार खूश होऊन वळले, तर मागे सुनीता उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मावशी, माहं नाव काऊन घेतलं?" ती म्हणाली. "मी तुमाले इस्वासानं दाखवलं होतं."

सोमवार

सकाळी कुसुम ड्यूटीवरून येता येता कोहक्यात डोकावून आली. सुनीतानं स्टोव्हसुद्धा बांधला होता. बाबूंची तक्रार केली म्हणून आपल्याला आता काढणार, अशी तिची खात्री झाली होती. रोशनीला तिनं शाळेलाही पाठवलं नव्हतं, परत आल्यावर घर नसलं तर पोर जाईल कुठे म्हणून. कुसुमनं शपथा घेतल्या. सुनीतानं मान हलवली आणि स्टोव्ह सोडला नाही.

कुसुमनं हे सगळं मला सांगितलं, पण दोष दिला नाही. तिनं माझ्यापुढे बासीची वाटी ठेवली, आणि तीच मला टोचली. माझ्या अकरा घरमालकांनी मला जितकं हलवलं नसेल तितकं मी एका वाक्यात त्या बाईला हलवलं होतं, तेही तिची बाजू घेताना. मला स्वतःची भयंकर लाज वाटली. भाऊजींना म्हटलं, मला गजभिये बाबूंकडे घेऊन चला.

माझी कल्पना, की एकतीस वर्षं घरं वाटणाऱ्या माणसाचं स्वतःचं घर टुमदार असेल. प्रत्यक्षात सुपेल्याच्या बाजारामागे, दुसऱ्याच्या घराच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या, बाहेरून लोखंडी जिना. निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडलं तेव्हापासून ते आणि त्यांची बायको भाड्यानं राहतात. आधी एकीकडे, मग दुसरीकडे, आणि आता इथं. भाऊजींनी हे मला जिन्यावर सांगितलं. चार घरांतलं एक तुम्ही घ्या, असं सगळ्यांनी सुचवलं तेव्हा त्यांनी स्वतःचे गुण काढून दाखवले होते. नंबर नववा आला. विषय संपला.

मी माफी मागितली. त्यांनी ती घेतली की नाही कळलं नाही. बायकोला सरबत करायला सांगितलं. मग कपाटातून कापडात बांधलेली फाईल आणली आणि सुनीताच्या पत्राची कार्बन कॉपी काढून समोर ठेवली.

"मॅडम, एकतीस साल मी हेच लिहलं," ते म्हणाले. "खाली करनं लिहल्याबिगर कागद मले पुराच वाटत नाही. अन् तिले मले पक्का कागद द्याचा होता. कोनी इचारलं तं दाखवता आला पाह्यजे. चार ओळीचा कागद कोनी मानत नाही ना."

त्यांनी तो कागद तिला मान मिळावा म्हणून लिहिला होता. अठरा अटी म्हणजे त्यांच्या दृष्टीनं अठरा शिक्के होते. हे कळल्यावर मला त्यांच्यावर चिडायला जागाच उरली नाही. भाऊजी म्हणाले, जाऊन तिला समजावू. मी म्हणाले, ती तोंडचं मानणार नाही, तिला चार जणांनी तोंडानंच काढलंय. नवा कागद लागेल.

गजभिये बाबूंनी कोरा कागद घेतला. वर तारीख लिहिली, आवास क्रमांक लिहिला, 'शर्तें' असं लिहून त्याखाली रेघ मारली, आणि थांबले. सरबत संपलं तरी रेघेखाली काही उमटलं नव्हतं.

"मंग अटी कोनाले घालू?" त्यांनी विचारलं. खरंच विचारत होते.

माझा पुन्हा तोल सुटला, पण या वेळी स्वतःवर. "आम्हाला घाला," मी म्हणाले. "न विचारता दार ढकलून आत शिरणाऱ्यांना. नळ सोडून बघणाऱ्यांना. दुसऱ्याच्या ओट्यावर काय शिजतंय ते बघायला नाशिकहून येणाऱ्यांना घाला."

भाऊजी हसले. गजभिये बाबू हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मान हलवली, आणि लिहायला लागले.

कोहका आणि जामुल, मंगळवार

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता मंडळातले दहा-बारा जण सुनीताच्या दारासमोर उभे होते. आत कोणी गेलं नाही. इतकी माणसं पाहून सुनीताची सासू गाठोड्यांकडेच वळली. गजभिये बाबू पायरीच्या खाली उभे राहिले, जयभीम घातला, आणि कचेरीतल्या आवाजात कागद वाचून दाखवला. कागद हिंदीत होता. मी आठवेल तसा मराठीत सांगते.

हे घर सुनीता आणि तिच्या कुटुंबाचं आहे. रजिस्ट्री होईपर्यंत हा कागद पुरावा समजावा, आणि झाल्यावर चुलीत घातला तरी हरकत नाही. हे घर रिकामं करायला कोणीही, कधीही सांगणार नाही. यापुढे अटी देणाऱ्यांसाठी. मंडळातल्या कोणीही बोलावल्याशिवाय आत जाऊ नये. पाहुण्यांना घर दाखवायला आणू नये. खिळा कुठे ठोकला, रंग कोणता दिला, घरी कोण आलं, काय शिजलं, हे विचारू नये. घर दिल्याची आठवण करून देऊ नये. अटी मोडणाऱ्याला या घरचा चहा मिळणार नाही.

शेवटच्या अटीवर थोडे हसले. मग सह्या सुरू झाल्या. एरवी अशा कागदावर घेणाऱ्याची सही असते. इथं फक्त देणाऱ्यांच्या होत्या. भाऊजींनी केली, कुसुमनं केली, सगळ्यांनी केली. सगळ्यात खाली गजभिये बाबूंनी 'अतिथि' असं लिहून जागा सोडली होती, तिथं मी केली.

सुनीतानं कागद घेतला आणि उभ्या उभ्या दोनदा वाचला. बोट एकेका ओळीवरून सरकत होतं. ती काय शोधतेय ते मला कळत होतं. मग तिनं कागद उलटा करून मागची बाजू पाहिली. मागे काही नव्हतं. तिनं घडी घातली, सासूच्या हातात दिली, आणि रोशनीला म्हणाली, "चप्पल घाल. जामुलले जाऊ." मग माझ्याकडे वळली. "मावशी, येता का? पाटा दोघींनं उचला लागन."

परवापासून ती माझ्याशी बोलली नव्हती. मी चप्पल घातली.

जामुलची बस भरलेली होती. सिमेंटच्या कारखान्याकडे निघालेले कामगार, बाजाराच्या टोपल्या, आणि माझ्या पायावर कोणाचा तरी डबा. आधी शाळेत गेलो. मुख्याध्यापिका छत्तीसगढीत प्रेमानं रागावल्या, की मूल इतकं लांबून येतंय तर आधी का नाही आलात; शाळा सोडल्याचा दाखला, टीसी, लिहून दिली आणि रोशनीच्या डोक्यावरून हात फिरवला. रोशनीनं टीसी बसमध्ये पूर्ण वेळ दोन्ही हातांनी धरली होती. तिला दुमडायची नव्हती.

किराणा दुकानातल्या बाईनं पाटा दोन वर्षं गव्हाच्या पोत्याखाली ठेवला होता, ओल लागू नये म्हणून. "आता घेऊन जाशील तं परत आनू नको," ती सुनीताला म्हणाली. तिची थट्टा अशी. वरवंटा मी घेतला, पाटा आम्ही दोघींनी. कंडक्टर म्हणाला, दगड बसमध्ये चालणार नाही. सुनीता म्हणाली, दगड नाही, घरचं सामान आहे. त्यानं का कोण जाणे, वाट दिली. कोहक्याला उतरताना पाट्याचा कोपरा माझ्या अंगठ्यावर बसला आणि नख काळंनिळं झालं. नाशिकला अजून तसंच आहे. शेजारच्या वहिनींना दाखवलं तर म्हणाल्या, भिलाईहून हे आणलंस?

कोहका, बुधवार

निघायच्या दिवशी निरोप घ्यायला गेले. बरोबर कुसुम होती. सुनीताचं दार बंद होतं. आतून आवाज येत होता, दगडावर दगड घासल्याचा, एका लयीत, मधेच थांबून पाणी शिंपडल्याचा. कुसुमचा हात सवयीनं दाराकडे गेला. मग तिनं तो मागे घेतला आणि माझ्याकडे बघून कडी वाजवली.

"कोन?" आतून सुनीता.

आम्ही नावं सांगितली.

"थांबा जरा. मिरची वाटून राहिली. हात भरले हायेत."

वरवंट्याचा आवाज पुन्हा सुरू झाला. घाई नव्हती त्यात. कुसुम पायरीवर बसली आणि पदरानं वारा घेऊ लागली. मी उन्हात उभी राहिले. आयुष्यात मी बऱ्याच दारांबाहेर उभी राहिलेय, घरमालकांच्या, किल्ली मागायला, मुदत मागायला, आणि प्रत्येक वेळी आत बसलेल्या माणसाचा राग आलाय. या दाराबाहेर मला इतकं बरं वाटत होतं की डोळे भरून आले, आणि त्याचं खापर मी मिरचीच्या वासावर फोडलं.

कुसुमनं घड्याळ बघितलं. गाडीला वेळ होता. नसता तरी मी थांबले असते.